दीपमालाची मुलाखत आणि आमचं सिंहासन

वडीगोद्री,
गुरुवार, दुपार

आदरणीय दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे राजानंदचा, सविनय जयभीम.

तुमची तब्येत कशी आहे? पित्त कमी झालं का? आणि ताईचा गुडघा काय म्हणतो? (मागच्या खेपेला मी जे तेल दिलं होतं ते आता लावू नका. ती बाटली गुडघ्याच्या तेलाची नव्हती, जनरेटरशेजारच्या फळीवरची होती, असं आमच्या घरात म्हणतात. मी अजून मान्य केलेलं नाही, पण लावू नका.) इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं पाहिलं तर मी खुशाल नाही. जेवण जातं, झोपही लागते, धंदाही चालू आहे, तरी आत काहीतरी डाचत राहतं, आणि ते तुमच्याजवळ बोलल्याशिवाय जाणार नाही.

आजच्या काळात पत्र कोण लिहितो, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि उचललात तरी नुसतं "हां, बोला" म्हणता. तुमच्या त्या "बोला"नं माझी वाचाच बसते. सगळा तालुका जाणतो की लग्नात माईक हातात दिला की मी अक्षता पडेपर्यंत खाली ठेवत नाही. माजी सरपंचांपासून नवरदेवाच्या आत्याच्या व्याह्यापर्यंत सगळ्यांचं नाव घेऊन स्वागत करतो, कागद लागत नाही. (नाव आठवलं नाही तर "आपल्या सर्वांचे लाडके" म्हणतो, ज्याला लागू पडेल तो खूश होतो.) पण तुमच्यासमोर मी अजून तोच मुलगा आहे, जो तुमच्या लग्नात तुमचे बूट लपवून ते कुठं ठेवले हे स्वतःच विसरला होता. म्हणून लिहून पाठवतो. आमचा मंडपाचा टेम्पो गालिचे द्यायला परतूरला येतोय, ड्रायव्हरला सांगितलंय की जिनिंगच्या वजनकाट्यावर, तुमच्या कामाच्या जागी जाऊन दाजींच्याच हातात दे, ताईच्या नको. ताई वाचील, रडील, आणि मग तुम्हाला वाचायला मिळणार नाही.

तर मुद्द्यावर येतो. (पुढं बऱ्याच वेळा मुद्द्यावर येईन, सांभाळून घ्या.) आपली दीपमाला बी.एस्सी. झाली, केमिस्ट्रीत, आणि रोज आगगाडीनं जालन्याला जाऊन-येऊन झाली. पुण्याच्या औषधं तपासणाऱ्या एका कंपनीत तिचा अर्ज पुढं गेला, तेव्हा तुम्ही मला फोनवर म्हणालात, "राजानंद, ही शेवटची. ही न्हाई लागली तं अंबडला होकार देऊन टाकू." अंबडचं स्थळ म्हणजे कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान असलेला मुलगा. स्वभावानं बरा, निर्व्यसनी, आणि ते स्थळ आणलं कोणी? मीच आणलं. तेव्हा मला वाटलं होतं मामानं आपलं कर्तव्य केलं. म्हणजे दाजी, पोरीची नोकरी ज्या दोरीवर होती तिचं एक टोक मीच बांधून ठेवलं होतं, आणि दुसरं टोक हातात धरायलाही मीच पुढं झालो.

कारण मुलाखत व्हिडिओवर होती. तुमच्या घराला लागून पिठाची गिरणी. दीपमालानं "माझं नाव" म्हणावं आणि कंपनीला ज्वारी दळल्याचा आवाज जावा, अशी परिस्थिती. मी म्हणालो, पाठवून द्या इकडं, व्हिडिओचं काम आपलं घरचं. लाइट आपले, पडदा आपला, जनरेटर आपला, वायफाय आपलं. (वायफाय शेजारच्या कडूबाकाकांच्या मुलाचं आहे, पण पासवर्ड आपल्याकडं आहे.) तुम्ही थोडं थांबून "बघा मंग" म्हणालात. ते तुमचं थांबणं मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

पोरगी आली, आणि आल्या दिवशीच तिनं मला सगळं नीट समजावलं होतं, हे मी आधी कबूल करतो. ती म्हणाली की ही मुलाखत रेकॉर्ड होणारी आहे, समोर कोणीही नसतं. मोबाइलवर प्रश्न येतो, थोडा वेळ विचार करायला मिळतो, मग बोलायचं, दोन मिनिटं झाली की आपोआप बंद. पुन्हा घेता येत नाही. मी विचारलं, कोणीच नसेल तर बघणार कोण? ती म्हणाली, "नंतर बघतेत मामा, आन मंग कळवतेत."

दाजी, इथं माझं डोकं फिरलं, आणि कसं फिरलं ते समजून घ्या, कारण माझ्या बाजूनं बोलण्यासारखं एवढंच आहे. मुलीचा फोटो आणि बायोडाटा आधी गेलेला. मग समोरचे बघणार. नाव, शिक्षण विचारणार. आपण बोलायचं, त्यांनी हां की हूं करायचं नाही. एकदाच संधी. आणि शेवटी "कळवतो" म्हणून उठून जायचं. आता तुम्हीच सांगा, पन्नाशीला टेकलेल्या, निम्मं आयुष्य लग्नाच्या मांडवात घालवलेल्या माणसाला यावरून काय आठवणार? मुलगी दाखवायचा कार्यक्रम तरी याहून वेगळा कुठं असतो? मी असे कार्यक्रम किती पार पाडलेत, तुम्हाला ठाऊक आहे. त्या विषयात माझ्याएवढा अनुभव घेतलेला माणूस वडीगोद्रीत नाही. आणि हाच सगळा अनुभव मी पोरीच्या मुलाखतीत ओतला.

पोरीचं म्हणणं साधं होतं. मागं पांढरी भिंत, खिडकीचा उजेड, एक प्लास्टिकची खुर्ची. मी म्हणालो, मंडपवाल्याच्या घरात भाची प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली तर लोक काय म्हणतील? गोडाऊनमधून लाल मखमली पडदा काढला, सोनेरी झालरीचा. दोन हॅलोजन लावले. आणि रिसेप्शनला नवरा-नवरीला बसवायचं ते सिंहासन आणलं, हातांवर सिंह आहेत ते. (एका सिंहाचा जबडा मागच्या लगीनसराईत एका मुलानं मोडला. तो जबडा मी फेव्हिकॉलनं चिकटवला, पण वाकडा चिकटला, त्यामुळं डाव्या बाजूचा सिंह हसल्यासारखा दिसतो.) दीपमाला त्यात बसली तर तिचे पाय जमिनीला टेकेनात. "मामा, हे काढा ना," ती एकदाच म्हणाली. मी म्हणालो, बेटा, पहिली छाप महत्त्वाची असते. हे वाक्य मी माईकवरही नेहमी म्हणतो, आणि तिथंही त्याचा कोणाला काही उपयोग झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मुख्य मुलाखतीआधी सरावाचा एक प्रश्न असतो, तो कितीही वेळा करा, चालतो. मी स्टुलावर चढून पडद्याची दोरी आवळत होतो, तेवढ्यात तिनं तो करून टाकला. सिंहासनावर नाही, अलीकडं, गालिच्याच्या गुंडाळीवर बसून. दाजी, काय बोलली पोरगी. हात हलवून, हसून, मध्येच एक शब्द अडला तर "थांबा, नीट सांगते" म्हणून. मी दोरी सोडून ऐकत राहिलो. आपल्या घरातलं कोणी इतकं सरळ बोललेलं मी ऐकलं नव्हतं, मी धरून. आणि ती संपवून माझ्याकडं बघते तर मी काय म्हणालो? म्हणालो, छान, पण हात हलवू नको, दात दिसू देऊ नको, नजर खाली ठेव, आणि विचारलं तेवढंच बोल. हे लिहिताना मला माझ्या तोंडात बोळा कोंबावासा वाटतो.

तिनं ऐकलं. का ऐकलं, तर ती लहानपणापासून माझं ऐकते म्हणून. सायकल शिकवताना मी मागून हात सोडला होता आणि "धरलंय, धरलंय" ओरडत होतो, तेव्हाही तिनं विश्वास ठेवलाच होता. बोलण्यासाठी आलेली पोरगी माझ्या एका शब्दावर गप्प बसली.

खरी मुलाखत सुरू झाली. मी मोबाइलच्या स्टँडमागं उभा, म्हणजे ती समोर बघते तेव्हा तिला कंपनी दिसत नाही, मी दिसतो. पहिला प्रश्न आला, स्वतःबद्दल सांगा. दीपमाला खाली मान घालून म्हणाली, माझं नाव दीपमाला अप्पाराव, शिक्षण बी.एस्सी., राहणार परतूर. आणि थांबली. मी खुणेनं "बस, बस" केलं. आता दोन मिनिटं हा किती मोठा वेळ असतो, ते शांत बसून बघितल्याशिवाय कळत नाही. हॅलोजनच्या उष्णतेनं तिच्या कपाळावरून घाम निघाला. तेवढ्यात तिची मामी पोह्यांची बशी घेऊन आत आली आणि मोबाइलच्या समोर, बरोबर मध्ये, ठेवून गेली, वर चहाही ठेवला. (मी तिला काही बोललो नाही, कारण पोहे करायला मीच सांगितले होते. पाहुणे बघायला येणार आणि पोहे नाहीत, हे मला पटेना.) आणि त्याच शांततेत कडूबाकाका, लाइट दिसले म्हणून फेटा बांधून आलेले, दारातून मोठ्यानं म्हणाले, "पोराकडचे आले का?" हे सगळं रेकॉर्ड झालेलं आहे. काकांचा आवाज चांगला खणखणीत आला आहे, गिरणी परवडली असती.

दुसरा प्रश्न होता, एखाद्या अवघड प्रसंगाला तुम्ही कसं तोंड दिलंत. इथं पोरीनं मान वर केली. ती सांगायला लागली की कॉलेजात एका प्रॅक्टिकलला तिचं उत्तर पुस्तकाशी जुळेना. बाकीच्यांनी पुस्तकातला आकडा उतरवला, तिनं आला तोच लिहिला. सरांनी मार्क कापले, तेव्हा ती सरांकडं गेली आणि वाद घातला की पुन्हा करून बघू. मला "सरांशी वाद घातला" एवढंच ऐकू आलं. दाखवायच्या कार्यक्रमात मुलीनं स्वतःच्या तोंडानं वाद घातल्याचं सांगायचं? मी दोन्ही हात असे हलवले, जसं जनरेटरवाल्याला "बंद कर" म्हणून हलवतो. ती अडखळली. थांबली. आणि शांतता पडली की माझं तोंड आपोआप उघडतं, हा धंद्याचा दोष आहे. मी स्टँडमागून, माईकवरच्या आवाजात म्हणालो, "तसं काही नाही, मुलगी स्वभावानं अतिशय शांत आणि सोशीक आहे." कंपनीला हे मी सांगितलं, दाजी. कंपनीनं विचारलं होतं दीपमालाला.

(नंतर तिनं मला राहिलेली गोष्ट सांगितली. सरांनी आणि तिनं मिळून पुन्हा प्रयोग केला, रसायन जुनं होऊन बिघडलेलं निघालं, सगळ्या बाटल्या बदलल्या. आणि नोकरी कशाची होती? औषधं तपासायची. म्हणजे त्या प्रश्नाला अख्ख्या मराठवाड्यात याहून चांगलं उत्तर कोणाकडं असेल असं मला वाटत नाही, आणि ते मी हात हलवून बंद केलं.)

तिसरा प्रश्न लिहायला मला जड जातंय. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता? दीपमालानं माझ्याकडं बघितलं. तिच्याकडं उत्तर होतं, हे मला आता कळतं, तिचे ओठ हललेही होते. पण मी पुढं झुकून हळूच म्हणालो, म्हण, घरचे वडीलधारे ठरवतील तसं. माझ्या अनुभवात या उत्तरानं कधीही स्थळ मोडलेलं नाही. तिनं एक क्षण सिंहाच्या मोडक्या जबड्यावर बोट फिरवलं, आणि म्हणाली, "घरचे वडीलधारे ठरवतील तसं." एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. पुढच्या दोन प्रश्नांचं मी लिहीत नाही. त्यांत मी गप्प होतो, पण तीही गप्पच होती.

झाल्यावर मी लाइट बंद केले आणि टाळी वाजवली, सवयीनं. तिनं रडावं, ओरडावं, काहीतरी फेकावं, म्हणजे मला समजूत काढता आली असती. ती सिंहासनावरून उतरली, गार झालेले पोहे घेतले, मुकाट्यानं खाल्ले, बशी धुऊन पालथी घातली, आणि मग मला विचारलं, "मामा, कंपनी मला बघायला आल्ती का?"

मी पडद्याची दोरी सोडायला लागलो. आठ दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. "आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा" अशा अर्थाचं इंग्रजीत होतं. आमच्या धंद्यात याला "मुलगी चांगली आहे पण पत्रिका जुळत नाही" म्हणतात.

दाजी, मला फार वाईट वाटतं. रात्री जेवायला बसलो की समोर ती बसलेली असते, हसून बोलते, मामीला भाजी निवडू लागते, आणि मी ताटातून मान वर करत नाही. मी किती मुलींच्या अशा कार्यक्रमांत मध्यस्थ म्हणून बसलो असेन. नजर खाली, आवाज बारीक, विचारलं तेवढंच. मला नेहमी वाटायचं मुली मुळातच कमी बोलतात. आपली पोरगी गुंडाळीवर बसून हात हलवत बोलताना बघितली तेव्हा कळलं की कमी बोलायला त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं, आणि बऱ्याच वेळा सांगणारा मीच होतो. ज्यांच्या लग्नात मी माईकवर "सुसंस्कृत, शांत, सोज्वळ" म्हणालो, त्यांना काय बोलायचं होतं कोणास ठाऊक.

तेव्हा माझी तुम्हाला हात जोडून विनंती एवढीच की तुम्ही दीपमालाला काही बोलू नका. तिला मुलाखत देता आली नाही, असं ताईला सांगू नका. देता येत होती. मी देऊ दिली नाही. जो राग काढायचा तो माझ्यावर काढा, फोन उचला आणि बोला, मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही. (प्रयत्न करीन.) ती तुमची लेक आहे, तुमच्याच घरी यायची, ठरल्याप्रमाणं रविवारी तुम्ही न्यायला या, मी टेम्पोनं अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडायलाही तयार आहे. पुढचं तुम्ही आणि ताई ठरवाल तसं. लहान तोंडी मोठा घास नको.

ताईला जयभीम सांगा. पित्ताचं पथ्य पाळा, काट्यावर उन्हात उभे राहू नका.

तुमचा,
सदैव चुकणारा मेहुणा,
राजानंद

ता. क. ताईनं पाठवलेला लोणच्याचा डबा रिकामा करून टेम्पोसोबत पाठवतोय. झाकण आमचं आहे, तुमचं सापडत नाही.

ता. क. दोन. कडूबाकाकांनी अजून सोडलेलं नाही. काल पारावर भेटले तर म्हणाले, "मंग, पसंत पडली का न्हाई?" मी म्हणालो, आम्हीच नापसंत केलं. गावात आता असं पसरलंय की राजानंदनं पुण्याचं मोठं स्थळ परत पाठवलं. तुमच्या कानावर आलं तर खोडून काढू नका, एवढी एक गोष्ट माझ्या हातून बरी झाली आहे.

ता. क. तीन. दाजी, पत्र बंद करायच्या आधी दीपमालाला वाचायला दिलं, कारण तिच्याबद्दल तिच्या माघारी लिहायचं मला आता धाडस होत नाही. तिनं सगळं वाचलं, एका ठिकाणी हसली, शेवटी थांबली आणि म्हणाली, "मामा, सगळं खरं लिव्हलंय, पर शेवटाला पुन्हा तेच केलं." कुठं, ते मला कळेना. तिनं बोट ठेवून दाखवलं. "तुम्ही आणि ताई ठरवाल तसं." मी खोडतो म्हणालो, ती म्हणाली राहू द्या, खाली नीट लिहा.

म्हणून नीट लिहितो. रविवारी तिला न्यायला येऊ नका. संभाजीनगरच्या दुसऱ्या एका कंपनीची तसलीच मुलाखत रविवारी आहे, हे तिनं मला आज सांगितलं. पांढरी भिंत, खिडकी, प्लास्टिकची खुर्ची, दार आतून बंद. पोहे नाहीत. मी घरी राहिलो तर दाराबाहेरूनही बोलीन, म्हणून मुद्दाम शहागडच्या एका लग्नाची सुपारी घेतली आहे, मामीलाही सोबत नेतोय. आणि अंबडच्या पाहुण्यांना मी आत्ताच फोन केला, तुम्हाला न विचारता. सांगितलं की स्थळ मी आणलं होतं, मीच परत घेतो, मुलीला आधी कामाला लागायचं आहे. ते नाराज झाले, तुम्हीही व्हाल. व्हा.

ही नाही लागली तर ती तिसरी देणार आहे, तोवर इथंच राहणार आहे, हे तिनं ठरवलंय, मी नाही. तुम्हाला यायचंच असेल तर सोमवारी या. न्यायला नको, भेटायला या.